सासूबाईंचं ऊन

आमच्या घरात एक मशीन सतत चालू असते. शेजारच्या खोलीत कोणी सावकाश पीठ चाळत बसावं, तसा तिचा आवाज. पाहुणे आले की उंबऱ्यातच विचारतात, हा आवाज कसला? आम्हाला तो ऐकू येत नाही. आम्हाला ऐकू येते ती तो थांबल्यावरची शांतता, आणि ती मी पोटभर ऐकलेली आहे.

ही मशीन हवेतला ऑक्सिजन वेगळा काढते आणि एका पातळ नळीने माझ्या सासूबाईंच्या नाकाशी नेऊन पोचवते. सासूबाईंची छाती धुराने खाल्ली. घरची चूल होतीच, पण खरा धूर हळदीच्या कढयांचा. आमच्या भागात हळद खणून काढली की ती शिजवावी लागते, मग वाळवावी लागते. तरुणपणापासून पार केस पांढरे होईपर्यंत सासूबाई दर हंगामात लोकांच्या शेतावर कढईखाली जाळ घालायला जात. जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या, जे हाताला लागेल ते, कधी ओलं, कधी सुकं. संध्याकाळी घरी येत तेव्हा हात पिवळे आणि लुगड्याला धुराचा वास. मी नवी सून होते तेव्हा एकदा म्हणाले होते, आत्या, एवढा धूर बरा नाही. त्या म्हणाल्या, "धुरानं मच्छर पळतेत." मच्छर पळाले ते पळाले, छातीही घेऊन गेले.

नांदेडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि सांगितलं, आजीबाईंना आता रात्रभर आणि दिवसाचाही बराचसा वेळ मशीन लावावी लागेल. जाळापासून, चुलीपासून लांब ठेवा. आणि हो, मशीन विजेवर चालते. हे शेवटचं त्यांनी अगदी जाता जाता सांगितलं. नांदेडात बसलं की ते जाता जाता सांगण्यासारखंच वाटत असणार.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून थोडं आत आहे. वारा सुटला की आमची लाईट जाते. पाऊस आला की जाते. दोन्ही नसले तर डीपी जळते. डीपी म्हणजे गावाबाहेर खांबावर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की त्याला ते सोसत नाही, आणि तो एकदा बसला की नवा येईपर्यंत अख्खं गाव पारावर बसून त्याच्या येण्याच्या बातम्या एकमेकांना सांगतं. तो निघाला म्हणतात, कळमनुरीपर्यंत आला म्हणतात, आणि येत तर नाहीच. बाकीच्यांना त्याची सवय आहे. आम्हालाही होती, सासूबाईंच्या नाकाला नळी लागेपर्यंत.

त्यानंतरचे काही महिने मला आठवायला आवडत नाहीत. कोपऱ्यात एक काळा सिलिंडर उभा करून ठेवला होता, लाईट गेली तर नळी त्याला जोडायची. आमचे हे हिंगोलीला मोंढ्याच्या बाजारात हळदीच्या मापावर काम करतात. सिलिंडर रिकामा झाला की ते तो ऑटोत टाकून नेत आणि भरलेला घेऊन येत. लाईट गेली की मी धावत जाऊन ती चावी फिरवायची, आणि घाबरून हमखास उलट्याच बाजूला फिरवायची. तेवढ्यात सासूबाई दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकून, तोंड उघडं टाकून बसलेल्या. ओठ जांभळे व्हायचे. आणि त्या स्थितीतही हात वर करून मलाच खुणावायच्या, सावकाश, सावकाश. ज्या बाईला श्वास मिळत नव्हता ती मला धीर देत होती. मला त्याचा राग यायचा. कोणाचा ते कळायचं नाही, पण यायचा.

मग आमच्या ह्यांनी घरावर सोलर बसवायचं ठरवलं, तेही बॅटरीसकट. भावकीत चर्चा झाली. एकाने सांगितलं, त्यापेक्षा म्हैस घ्या, निदान दूध तरी देईल. आमचे हे एरवी भावकीपुढे बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "माय म्हशीच्या दुधावर श्वास घेते का?" आणि विषय मिटला.

हिंगोलीहून एक तंत्रज्ञ आला, बरोबर दोन माणसं. गच्चीवर लोखंडी पायांवर पॅनेलं एका रांगेत बसली, खाली भिंतीवर पेटीएवढी बॅटरी, आणि तिच्यावर छोटा पडदा. पडद्यावर हिरव्या रेघा. बॅटरी भरली की सगळ्या रेघा, संपत आली की एकच, तीही लाल. दिवसा उन्हावर बॅटरी भरायची आणि अंधार पडला की मशीन तिच्यावर चालायची. बॅटरी सरली तर गावाची लाईन, ती असलीच तर. तंत्रज्ञाने आम्हा दोघांना गच्चीवर उभं करून सांगितलं की पॅनेलावर सावली पडू द्यायची नाही आणि धूळ साचू द्यायची नाही, एवढं सांभाळलं की बाकी काही बघायला नको. आम्ही माना डोलावल्या. आता मागे वळून पाहताना हसू येतं. आमच्या घराची सगळी सत्ता खाली बाजेवर नळी लावून बसली होती, आणि सूचना मात्र वर गच्चीवर आम्हा दोघांना दिल्या गेल्या.

पहिल्यांदा लाईट गेली ती मला कळलीच नाही. मी संध्याकाळची भाकरी थापत होते. शेजारीण अंगणातून हाक मारून म्हणाली, "वैनी, तुमच्याकडं लाईट हाय?"

"हाय की. काहून?"

"गावात कव्हाची न्हाई."

मी पिठाच्या हातांनी बाहेरच्या खोलीत गेले. मशीन चालू होती, पीठ चाळल्याचा आवाज तसाच. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. बाहेर सगळा काळोख आणि आमच्या खिडकीचा उजेड रस्त्यावर पडलेला. माझा जीव भांड्यात पडला. त्याआधी तो कुठे होता, कोण जाणे. मी मागच्या दारी धुण्याच्या दगडावर जाऊन बसले आणि चांगली रडले. आत आले तर सासूबाईंनी डोळ्यांकडे पाहून विचारलं, "रडू काहून राहिली? मी मेले न्हाई."

ही शेजारीण मूळची बंजारा तांड्यावरची. नवरा ऊसतोडीला जातो, ती गावात शेळ्या पाळते. सासूबाईंना ती तिच्या बोलीत याडी म्हणते, म्हणजे आई. सख्ख्या लेकीला, माझ्या नणंदेला, कळमनुरीहून यायला सवड होत नाही. हिला दिवसातून चारदा होते.

गावभर झालं की आमच्याकडे लाईट जात नाही. मग लोक यायला लागले. कोणी फोन, कोणी हातातली बॅटरी, कोणी तर फवारणीचा पंपच पाठीवर घेऊन, जरा चार्जिंगला लावता का म्हणून. मी तोंड वाकडं करायची आणि सासूबाई बाजेवरूनच सांगायच्या, लाव की तिथं. त्यांचा हिशेब जुना होता. पूर्वी चूल पेटवायला लोक एकमेकांकडे विस्तव मागायला जात, दही लावायला विरजण. "विस्तव आन् विरजण कुनाला न्हाई म्हनू नये," सासूबाई म्हणायच्या. "दिल्यानं आपलं कमी होत न्हाई." त्यांच्या मते बॅटरीतली वीज हा विस्तवाचाच प्रकार होता. मला पटत नव्हतं, पण तेव्हा रेघा भरलेल्या असायच्या, म्हणून मी गप्प बसायची.

उन्हाळा आला आणि रेघा कमी पडू लागल्या.

आधी वाटलं, आपल्यालाच भास होतो. संध्याकाळी घरी येऊन पाहावं तर रेघा निम्म्यावर. पहाटे उठून पाहावं तर एकच उरलेली, लाल. ऊन तर असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. मी बाळापूरला बाजारात शिवणकामाचं दुकान चालवते. लग्नसराईत ब्लाऊजांचा ढीग पडतो, म्हणून सकाळी जाऊन दिवस मावळताना घरी यायची. दिवसभरात घरी काय होतं ते मला दिसत नव्हतं. दिसत होत्या त्या फक्त रेघा, आणि चार्जिंगला लावलेले फोन.

मी फोन बंद केले. सगळ्यांदेखत अंगणात उभी राहून सांगितलं की उद्यापासून कोणी काही आणायचं नाही, आमच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. लोकांनी ऐकलं, कोणी वाईटही बोललं नाही. शेजारणीने स्वतःचा फोन काढून घेतला आणि गेली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी आजही म्हणते, माझं काही चुकलं नव्हतं. फवारणीचे पंप काय हवेवर भरतात?

पण रेघा वाढेनात. मग मी पॅनेलं पुसायच्या मागे लागले. रोज सकाळी उजाडायच्या आत वर जाऊन ओल्या फडक्याने अशी लख्ख करायची की त्यात तोंड पाहून कुंकू लावावं. कधी कधी पॅनेलाच्या खालच्या कडेला तिळाचे दाणे सापडत. चिमण्या कुठून कुठून काय आणून टाकतील, असं म्हणत मी ते वेचून काढायची. तंत्रज्ञाला फोन केला. तो बिचारा काम आटोपून संध्याकाळी आला, तारा तपासल्या, बॅटरी तपासली, वर जाऊन पॅनेलं पाहिली. "ताई, सगळं बराबर हाय," म्हणाला. "इतकी साफ पॅनेलं मी कुनाच्याच घरी पाह्यली न्हाईत." बॅटरीच कमजोर निघाली असेल, विचारून सांगतो म्हणाला आणि चहा पिऊन गेला. आम्ही आमच्या खोलीतला पंखा बंद केला, टीव्ही बंद केला. आमचे हे उघड्यावर झोपू लागले. कोपऱ्यातला काळा सिलिंडर, जो मी मोठ्या आनंदाने माळ्यावर चढवला होता, तो पुन्हा खाली आला.

आणि अशात डीपी जळली.

पारावर मंडळी जमली, नवीन डीपी हिंगोलीहून निघाल्याची पहिली बातमी आली. म्हणजे आता लाईनीचा काहीच भरवसा नव्हता, जे काय होतं ते बॅटरीत. पहिली रात्र बॅटरीने कशीबशी काढली. दुसऱ्या रात्री ती पहाटेआधीच संपली आणि उजाडेपर्यंत सिलिंडर लावावा लागला. सकाळी त्याचा काटा पाहिला तर तळाला टेकलेला. आमचे हे न जेवता सिलिंडर घेऊन हिंगोलीला गेले. जाताना मला म्हणाले, "मिळंल." त्यांच्या त्या एका शब्दावरून मला कळलं, की मिळेल असं त्यांना वाटत नाही.

मी दुकानात गेले खरी, कारण दुसऱ्या दिवशी लग्न असलेल्या एका घरचे ब्लाऊज माझ्याकडे अडकले होते. पण सुई चालेना. एक बाही उलटी शिवली. ती उसवताना डोळ्यांपुढे सासूबाईंचे जांभळे ओठ. आज रात्री बॅटरी पुन्हा अर्धीच भरली, आणि सिलिंडर आलाच नाही, तर पहाटे आमच्या हातात काय असणार होतं? भर दुपारी मी दुकानाचं शटर ओढलं. नवरीची आत्या शिव्या देत असेल तर देवो, म्हटलं. मिळेल त्या ऑटोत बसले आणि गावाच्या फाट्यावर उतरून मागच्या वाटेने चालत निघाले.

मागच्या वाटेने आमची गच्ची पूर्ण दिसते. एरवी मी त्या वेळी तिकडून कधी येत नाही.

गच्चीवर हिरवं काहीतरी फडफडत होतं. जवळ आले तसं ओळखू आलं. सासूबाईंचं जुनं हिरवं नऊवारी लुगडं. पॅनेलांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून पसरलेलं, कोपरे लोखंडी पायांना गाठी मारून बांधलेले. आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत शेजारीण काठी घेऊन बसलेली, कावळे हाकत.

मी जिना कसा चढले, मला आठवत नाही. लुगड्यावर ओळीने खारोड्या घातलेल्या होत्या. बाजरीचा भरडा मीठ, तिखट, लसूण, तीळ घालून शिजवतात, त्याचे बोटभर गोळे उन्हात कडक वाळवतात आणि वर्षभर शेंगदाण्यांबरोबर खातात, त्या खारोड्या. शर्टाला गुंड्या लावाव्यात तशा एकसारख्या अंतरावर. माझ्या चिमण्यांचे तीळ त्यांच्यावर चिकटलेले होते.

"वैनी, आज लवकर आल्या?" शेजारीण म्हणाली. लपवायचं असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"हे कुनी सांगितलं तुला?"

"याडीनं. याडीला जिना चढवत न्हाई ना. भरडा माझ्या चुलीवर शिजवते, चव याडी बघते, आन् मी हितं घालते. तुमी यायच्या आत काढून ठिवते."

"कव्हापासून?"

"ऊन तापल्यापासून."

मी फोन बंद केल्यावरही ती रोज येत होती. फोन घरी ठेवून येत होती, एवढंच. आणि मी काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होते. तंत्रज्ञ बोलावून झाला, पंखे बंद करून झाले, लोकांना अंगणातून घालवून झालं, आणि पॅनेलांवर पांघरूण घालणारं माझंच घर.

मी गाठी सोडायला लागले. रागाने जोरजोरात ओढत होते. शेजारीण घाईने उठली. "हळू, वैनी, वल्या हायेत." आणि मला सांगायला लाज वाटते, एवढ्या रागातही मी हळू झाले. अन्न कसं फेकणार? दोघींनी दोन्हीकडून लुगडं धरलं, एकही खारोडी न सांडता उचललं आणि गच्चीच्या कोपऱ्यात जमिनीवर अंथरलं. पॅनेलं उघडी पडली. त्यांच्यावरून उन्हाची झळ तोंडावर आली आणि मी खाली धावले.

सासूबाई बाजेवर बसल्या होत्या, नळी नाकाला, सुपात लसूण.

"आत्या, त्या सोलरच्या पाट्यांवर खारोड्या घालायला तुमी सांगितलं?"

"व्हय."

"काहून?"

"मंग कुठं घालू? अंगणात हिच्या शेळ्या. गच्चीवर कबुतरं घाण करतेत. त्या पाट्या कशा उंच, तापलेल्या, सोच्छ. तूच तर रोज पुसून ठिवती ताटावानी."

शेजारीण माझ्यामागे जिन्यात उभी होती. ती तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही.

"त्या पाट्यांवर ऊन पडलं तर तुमची मशीन चालते. तुमीच तुमच्या मशीनवर लुगडं झाकून राहिल्या."

"आगं, ऊन काय संपून राहिलं का? एवढं ऊन पडतंय. खारोड्यांनी किती पेलं आसंल?"

ज्या बाईने सारा जन्म उन्हात काढला, तिच्या लेखी जगात न संपणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ऊन. पाणी मोजून मिळालं, धान्य मोजून मिळालं, आता तर हवाही नळीने मोजून मिळत होती. ऊनच काय ते हवं तेवढं होतं. मी बाजेच्या कडेला बसले. माझा आवाज खाली आला.

"आत्या, कढईत हळद टाकली, खाली जाळ घातला, आन् जाळाच्या आन् कढईच्या मधी कुनी पत्रा धरला, तर हळद शिजंल का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सुपातला हात थांबला.

"कच्ची ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. मग हातातला लसूण सुपात टाकून, "मी पत्रा धरला म्हन की."

"व्हय."

"मंग आधी काहून न्हाई सांगितलं?"

खरंच, कोणीच सांगितलं नव्हतं.

मी जमिनीवर पडलेलं लसणाचं साल उचलायला वाकले आणि बाजेखाली मला पत्र्याचे दोन मोठे डबे दिसले. झाकण उघडलं. काठोकाठ खारोड्या. दुसऱ्यातही तेच. आमच्या घरात खाणारी माणसं तीन. "एवढ्या कुनासाठी?" मी विचारलं.

सासूबाई पुन्हा लसूण सोलू लागल्या. "एक डबा लेकीला, एक तुला. माझ्यामागं साल-दीड साल पुरतीन. पुढच्या उन्हाळ्यात मी काय आसंन न्हाई. आन् तुला चव जमत न्हाई, तू मीठ कमी घालती."

त्यांनी हे असं सांगितलं, जसं काही आपण कळमनुरीच्या बाजाराला जाणार आहोत. मी मात्र तिथेच बाजेखाली हात घालून बसून राहिले. रोज दुपारी ही बाई आपल्या वाट्याचा श्वास झाकून ठेवत होती, आपल्यानंतर आम्ही खावं म्हणून. तिला ते ठाऊक नव्हतं, पण घडत तेच होतं. मला तिचा राग आला आणि ती मला हवीही वाटली, दोन्ही एकदम. म्हणून मी म्हणाले, "मीठ मी बराबर घालते."

"कमी घालती," सासूबाई म्हणाल्या.

ती सगळी दुपार आम्ही तिघी त्या पडद्याकडे पाहत बसलो. सासूबाईंनी बाज फिरवून घ्यायला लावली, पडदा समोर दिसला पाहिजे म्हणून. त्यांना अंक वाचता येत नाहीत पण रेघा कळतात. एक रेघ वाढली की शेजारीण म्हणायची, "याडी, आली." अजून एक वाढली की सासूबाई बोट दाखवायच्या. गच्चीवरचं ऊन तारेतून खाली भिंतीत उतरताना आम्ही पाहत होतो, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, की ही बॅटरी काही कमजोर नाही, ती नुसती उपाशी होती.

दिवस कलताना आमचे हे आले. ऑटोतून रिकामा सिलिंडर उतरवला. तोंड सुकलेलं. सिलिंडर मिळाला नव्हता, उद्या या म्हणाले होते. ते दारातच उभे राहिले, मला काय सांगावं ते जुळवत. त्याआधी त्यांची माय बाजेवरून म्हणाली, "भरली."

"काय भरली?"

"बॅटरी. समद्या रेघा. हात धुऊन घे, भाकर खा."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, मग सांगते. ते खाली बसले, भिंतीला टेकले. मग म्हणाले, "लई भूक लागली."

त्या रात्री मी गाढ झोपले. गेल्या कित्येक महिन्यांत मी एक कान उघडा ठेवून झोपत आले होते. त्या रात्री दोन्ही कान झोपले. जाग आली ती तोंडावर ऊन आल्यावर. दचकून उठले, बाहेरच्या खोलीत गेले. मशीन चालू, सासूबाई घोरत होत्या आणि पडद्यावर दोन रेघा अजून हिरव्या होत्या. डीपी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आली. पारावर नारळ फुटला, आम्ही प्रसाद खाल्ला, पण आमच्या घराने तिची वाट पाहिली नव्हती.

शेजारणीची मी माफी-बिफी मागितली नाही. आमच्यात तसं कोणी मागत नाही. ती आली तेव्हा तिच्यापुढे वायर केली, एवढंच. फोन पुन्हा लागले. पंप दिवसा, ऊन असताना लावायचे, असं सासूबाईंनी स्वतःच ठरवून दिलं. आमच्या ह्यांनी गच्चीवर पॅनेलांच्या मागच्या अंगाला, जिथे सावली पडणार नाही तिथे, एक जुनी बाज टाकून दिली. वाळवण आता तिच्यावर. आणि सासूबाईंसारखा पहारेकरी त्या पॅनेलांना मिळायचा नाही. कोणी धुणं वाळत घालायला वर गेलं की खालून आवाज येतो, "पत्रा नका धरू गं मधी." नव्या माणसाला काहीच कळत नाही.

हे सगळं मागच्या उन्हाळ्यातलं. परवा दुपारी दुकानाला सुट्टी होती. काहीतरी चटपटीत खावंसं वाटलं म्हणून मी बाजेखालचा माझा डबा ओढला. हाताला वजनच लागलं नाही. झाकण काढलं, तर तळाला थोडा चुरा आणि तीळ. नणंदेचा डबा तिने दिवाळीतच रिकामा करून धाडला होता.

"आत्या," मी म्हणाले, "तुमच्यामागच्या खारोड्या संपल्या."

"कशा संपतीन? साल-दीड सालाच्या होत्या."

मी डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आत पाहिलं, डबा हातात घेऊन उलटा केला, बुडाला थाप मारली. तळहातावर पडलेला चुरा तोंडात टाकला. मशीन आपलं पीठ चाळत होती. सासूबाई रिकाम्या डब्याकडे पाहत राहिल्या, जरा ओशाळल्यासारख्या, जसा काही त्यांचा अंदाज कधी नव्हे तो चुकला होता.

"संपल्या," त्या म्हणाल्या. "आन् मी तर हायच."

सासूबाईंनी डबा माझ्या हातात परत दिला.

"ऊन तापलंय," त्या म्हणाल्या. "बाजरी आन. यंदा मीठ तू घाल, मी बघते."

मी तशीच पिशवी घेऊन निघाले.